घोडे पुढे गेल्यावर

शिगमो आला की आमच्या डिचोलीत, तिकडे पेडण्यात आणि पलीकडे सत्तरीत माणसांच्या कमरेला घोडे फुटतात. लाकडी तोंडाचा, रंगीत कापडानं झाकलेला, फुलांनी मढवलेला घोडा कमरेला बांधायचा. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात उपसलेली तलवार, अंगात भरजरी पोशाख. ढोल-ताशे आणि कांसाळी वाजायला लागली की हे घोडेस्वार ठेक्यावर पुढे येतात, मागे सरतात, पुन्हा पुढे येतात. तोंडानं गाणं नाही, संवाद नाही. नुसती पावलं आणि तलवार. हीच घोडेमोडणी.

ही कुणाची आठवण आहे, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. फिरंग्यांना हरवून आपले वीर घरी परत आले, त्या दिवसाची. पण 'आपले वीर' म्हणजे नेमके कोण, हे गावागणिक बदलतं. डिचोली-सत्तरीकडे विचाराल तर राणे. पेडण्याकडे मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांचं नाव निघतं. माझ्या शेजारणीचं माहेर पेडण्याचं आणि सासर इथलं. तिचा आणि तिच्या सासूबाईंचा हा वाद मी गेली कित्येक वर्षं कुंपणापलीकडून ऐकते आहे. सासूबाई म्हणतात, "घोडे आमच्या राण्यांचे." ही म्हणते, "तुमच्या राण्यांच्या आधी आमचो भोसलो आसलो!" मी बेळगावची, लग्न होऊन इकडे आलेली. माझे ना राणे, ना भोसले. त्यामुळे दोघी मलाच न्याय मागतात आणि मी दोघींना कोकम सरबत देते.

यंदा मात्र प्रश्न घरातूनच आला. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात, तेव्हा घोडे दारी येईपर्यंत आमचं सगळं आवरलेलं असतं. आठ वर्षांचा नातू माझ्या मांडीला टेकून व्हरांड्यात बसला होता. एका घोडेस्वाराला लोकांनी वाकून नमस्कार केला, तसे यानंही हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, आपण पाणी गाळून पितो, मुंगी दिसली तर बाजूनं जातो. मग तलवारीला नमस्कार का करायचा? राणे चांगले होते की वाईट?"

मुलाला झोप आली, प्रश्न माझ्याकडे राहिला. मैत्रिणींनो, असे प्रश्न आपल्याकडेच राहतात. पुरुषमंडळी "मोठा झालास की कळेल" म्हणून मोकळी होतात. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण आमच्या पुस्तकात गोवा दोन पानांत संपला होता. म्हणून या वयात पुन्हा वाचायला बसले.

आधी राणे. हे मूळचे राजस्थानातून आलेले रजपूत, असं ते स्वतः सांगतात. सत्तरीत त्यांचं बस्तान. डिचोली तालुक्यातली साखळी हे त्यांचं मोठं ठाणं. तिथलं विठ्ठलाचं देऊळ त्यांच्याच घराण्याशी जोडलेलं. सत्तरीतल्या गावांची मोकासदारी त्यांच्याकडे, म्हणजे जमीन त्यांची आणि कसणारी कुळं त्यांची. वर सह्याद्री, खाली म्हादई, मधे दाट रान. जो कोणी राजा येईल, त्यानं यांच्याशी जमवून घ्यायचं नाहीतर यांच्याशी लढायचं, अशी ही जागा. 1781-82 मध्ये डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. तेव्हापासून पोर्तुगिजांनी दोन्ही करून पाहिलं.

राण्यांच्या बंडांतलं सर्वांत गाजलेलं बंड दिपाजी राण्याचं. 26 जानेवारी 1852 रोजी त्यानं नाणूसचा किल्ला घेतला. वाळपईजवळचं हे ठिकाण. जमिनीवरच्या जुन्या हक्कांत सरकारचा हात शिरला होता, कर वाढले होते, लोकांनी काय कपडे घालावेत यावरही हुकूम निघत होते. दिपाजी रानात शिरला आणि तीन वर्षांहून अधिक काळ पोर्तुगीज फौजेच्या हाती लागला नाही. शेवटी 1855 मध्ये सरकारलाच समेट करावा लागला. दिपाजीला माफी मिळाली. आज 26 जानेवारीला देशभर प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन होतं, आणि नाणूसला त्याच दिवशी दिपाजीचीही आठवण काढतात.

त्यानंतरचा कुष्टोबा राणे. त्याचं बंड 1869 ते 1871. त्याच्यावर खोटा आळ आला, तो तुरुंगातून निसटला आणि मग गरिबांचा कैवारी झाला, असं लोक सांगतात. 1871 मध्ये तो मारला गेला. त्याच्या नावाचं गीत अजून गोव्यात गायलं जातं. नुसतं 'कुष्टोबा' म्हटलं तरी म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. पुढे 1895 मध्ये पोर्तुगीज सैन्यातल्या मराठा शिपायांना आफ्रिकेत मोझांबिकला जायचा हुकूम झाला. समुद्र ओलांडला तर जात जाईल, म्हणून त्यांनी तो मोडला आणि सत्तरीची वाट धरली. दादा राणे आणि त्याची माणसं त्यांना मिळाली. हे बंड इतकं पेटलं की पोर्तुगालच्या राजानं सख्ख्या भावाला, राजपुत्र आफोंसोला, फौजेसह गोव्यात पाठवलं. 1912 मध्येही राण्यांनी पुन्हा उठाव केला.

हे सगळं वाचताना मला राण्यांबद्दल आदर वाटला, हे सरळ सांगते. जगातल्या एका जुन्या साम्राज्याशी मूठभर माणसांनी रानात राहून टक्कर देणं ही साधी गोष्ट नव्हे.

पण वाचता वाचता दुसरेही आवाज कानावर येऊ लागले. सासष्टी-बार्देशच्या ख्रिस्ती घरांत जुनी मांडो-दुलपदं गातात. त्यांत राण्यांच्या बंडाची गाणी आहेत आणि त्यांत धास्ती आहे. ज्याला डिचोलीत ओवाळतात, त्याच्या नावानं तिकडे दारं लावून घेत. आणि सत्तरीतलं एखादं कूळ काय सांगेल? त्याच्यासाठी राणे म्हणजे आधी जमीनदार, मग वीर. 1961 ला गोवा मुक्त झाला, पण मोकाशातल्या जमिनीचा प्रश्न काही एका रात्रीत सुटला नाही. एकच माणूस कुणाचा तारणहार, कुणाचा दरोडेखोर, कुणाचा धनी. तिन्ही माणसं खरं सांगताहेत.

आता शेजारणीच्या पेडण्याकडे येते, नाहीतर ती रुसेल. पेडणं वाडीच्या सावंत भोसल्यांचं. शापोरा नदीकाठच्या हळर्णचा किल्ला त्यांचा. 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं तो जिंकला. त्याला या विजयाचा इतका अभिमान की पुढे त्याला जी पदवी मिळाली ती 'आलोर्नाचा मार्क्विस'. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण! पेडण्यातल्या एका गावाचं नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटलं. भोसल्यांनी पुढेही कधी पोर्तुगिजांशी युद्ध केलं, कधी कोल्हापूरकरांविरुद्ध त्यांचीच मदत घेतली, आणि या सगळ्या देवघेवीत 1788 मध्ये पेडणं पोर्तुगिजांच्या पदरात पडलं. घोडेमोडणीच्या घोड्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो फक्त जिंकून परत येतो.

त्या 'आलोर्ना'चा माग काढताना मला एक मुलगी भेटली. किल्ला जिंकणाऱ्या व्हाइसरॉयची नात, लिओनोर. जन्म 1750 चा. 1758 मध्ये पोर्तुगालच्या राजावर खुनी हल्ला झाला. तिच्या आईच्या माहेरच्या तावोरा घराण्यावर आळ आला. आजी-आजोबांना भर चौकात ठार केलं. बापाला तुरुंगात टाकलं आणि आठ वर्षांच्या लिओनोरला आई आणि बहिणीबरोबर मठात कोंडलं. ती बाहेर आली अठरा वर्षांनी. त्या भिंतींच्या आत ती भाषा शिकली, कविता लिहायला लागली आणि पुढे पोर्तुगालची मान्यवर कवयित्री झाली. आज तिथं आलोर्ना म्हटलं की आठवते ती 'मार्केझा द आलोर्ना', म्हणजे ही नात. हळर्णला तिचं नाव किती जणींनी ऐकलं असेल? जिंकणाऱ्याच्या घरातल्या बाईचंसुद्धा असं होतं. माझ्या नातवाएवढ्या वयात ती आत गेली, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले.

इथं मला एक चिनी सरदार आठवला. हसू नका. माझा मुलगा कॉलेजात असताना संगणकावर चीनच्या 'तीन राज्यां'च्या लढायांचा खेळ खेळायचा. जेवायला हाक मारली की "आई, त्साओ त्साओ आलाय, दोन मिनिटं!" म्हणून ओरडायचा. हा कोण मेला त्साओ त्साओ, जो माझी भाकरी गार करतो, म्हणून मी त्याची माहिती काढली होती.

त्साओ त्साओचा काळ इसवी सन 155 ते 220. हान घराण्याची बादशाही मोडकळीला आली होती, जो तो सरदार आपापली फौज घेऊन उठला होता. त्यांतला हा सर्वांत हुशार. बादशहाला आपल्या मुठीत ठेवून त्यानं उत्तर चीन ताब्यात आणला. ओसाड पडलेल्या जमिनीवर शिपाई आणि परागंदा शेतकरी वसवून धान्य पिकवलं. कविताही उत्तम करायचा. आणि बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघाला तेव्हा वाटेतल्या निरपराध लोकांची कत्तलही केली. तो गेल्यावर त्याच शतकात एका इतिहासकारानं त्याची कर्तबगारी लिहिली. पण चौदाव्या शतकातल्या कादंबरीनं त्याला कपटी ठरवलं. चिनी नाटकात त्याचं पात्र पांढरा चेहरा रंगवून येतं आणि पांढरा चेहरा म्हणजे दगाबाज. त्याच काळातला ग्वान यू नावाचा योद्धा मात्र लाल चेहऱ्याचा, निष्ठेचा पुतळा झाला आणि पुढे लोकांनी त्याचा देव केला. दोघंही तलवारीचेच. एकाच्या वाट्याला देऊळ, एकाच्या वाट्याला शिव्या.

पण माझ्या लक्षात राहिली ती त्याची बायको, दिंग. तिला स्वतःचं मूल नव्हतं. सवत लवकर वारली, तिचा मुलगा आंग हिनं वाढवला. 197 मध्ये त्साओ त्साओनं वान शहरच्या सरदाराला शरण आणलं आणि जिंकल्याच्या तोऱ्यात त्या सरदाराच्या विधवा चुलतीला आपल्याकडे आणून ठेवलं. अपमान झालेल्या सरदारानं छावणीवर अचानक हल्ला केला. पळताना त्साओ त्साओचा घोडा जायबंदी झाला, तेव्हा आंगनं आपला घोडा बापाला दिला असं सांगतात. बाप वाचला, मुलगा मेला.

दिंगनं आकांत केला. माझं पोर तुझ्यापायी गेलं आणि तुला त्याचं काही नाही, असं ती त्याला तोंडावर म्हणत राहिली. रागानं त्यानं तिला माहेरी धाडलं. पुढे राग निवला तेव्हा स्वतः आणायला गेला. ती मागावर विणत बसली होती. 'सरदार आलेत' असं कुणी सांगितलं तरी उठली नाही. तो जवळ गेला, तिच्या पाठीवर हात ठेवला, गाडीतून परत चल म्हणाला. तिनं मान वळवली नाही. दारापर्यंत जाऊन त्यानं पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. ज्याच्या नावानं अर्धा चीन कापत होता, तो तिच्या मागाच्या खडखडाटापुढे हरून परत गेला. तिला मोकळं करून दुसरं लग्न लावून द्या, असं त्यानं माहेरच्यांना सांगितलं, पण त्याच्या भीतीनं ते कुणी केलं नाही. मरताना त्याला एकच बोचणी होती म्हणतात: वर आंग भेटला आणि 'माझी आई कुठं आहे' म्हणाला, तर मी काय सांगू?

मुलाच्या खेळात तलवारी होत्या, घोडे होते, किल्ले होते. हा माग मला तरी त्यात कुठे दिसला नाही.

आणि आपल्या घोडेमोडणीतही नाही. दिपाजी तीन वर्षांहून अधिक काळ रानात होता, तेव्हा त्याच्या घरच्या बायका काय करत होत्या? माझ्या वाचनात त्यांतल्या एकीचंही नाव आलं नाही. पण आपण बायका आहोत, काही गोष्टी आपल्याला कागदाशिवाय कळतात. बंडखोर रानात आणि त्यांच्या मागावर फौज, तेव्हा दोघांनाही भात लागतो आणि तो गावातूनच जातो. रात्री एकांसाठी चूल पेटवायची, सकाळी दुसरे येऊन 'काल धूर का दिसला' म्हणून विचारणार. पोराला 'बाबा कुठं गेले' विचारल्यावर काय सांगायचं हे आधी पढवून ठेवायचं. कुष्टोबा 1871 मध्ये गेला आणि गीतात अमर झाला. त्याच्यामागे कुणाच्या पदरात काय उरलं, ते गीत सांगत नाही. घोडेमोडणीत वीर परत येतो, नेहमीच येतो. जो परत आला नाही, त्याच्या घरावरून घोडे कसे न्यायचे हे कुणाला सुचलेलं नाही.

म्हणून तलवार वाईट, राणे वाईट असं नातवाला सांगू का? तेही खरं होणार नाही. अन्याय अंगावर आल्यावर उभं राहावं लागतं, हे मला मान्य आहे. शिवाय आपल्या जैन समाजातही योद्धे कमी झालेले नाहीत. गोव्यात कदंबांच्या काळापासून आपली वस्ती होती. डिचोली तालुक्यातल्या कुडण्याला 'गुजीर' म्हणून ओळखले जाणारे जैन मंदिराचे अवशेष आहेत, ते मी दोनदा पाहून आले. आणि श्रवणबेळगोळचा बाहुबली उभा करणारा चावुंडराय कोण होता? गंग राजांचा सेनापती. लढाया जिंकून जिंकून पदव्या मिळवलेला माणूस. आईची दर्शनाची इच्छा म्हणून त्यानं इसवी सन 981 च्या सुमाराला ती सत्तावन्न फुटी मूर्ती घडवून घेतली. मूर्ती कुणाची, तर भावाशी लढताना जिंकत आला असता उगारलेला हात थांबवून राज्य सोडणाऱ्याची.

पुढची कथा तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या अभिषेकाला चावुंडरायानं घागरीमागून घागरी दूध ओतलं, पण ते मूर्तीच्या पायांपर्यंत पोचेना. मग एक फाटकी म्हातारी एका फळाच्या इवल्याशा वाटीत दूध घेऊन आली. लोक हसले. तिनं ते ओतलं आणि दूध पायांवरून खाली डोंगरावर वाहत गेलं. ती गुळ्ळकायज्जी. तिची मूर्ती आजही तिथं बाहुबलीसमोर उभी आहे. कुणी म्हणेल, ही दंतकथा. असेल. पण सेनापतीच्या दंतकथेत ज्यांनी म्हातारीला जागा दिली, त्यांच्या शहाणपणाला माझा नमस्कार. त्यांनी चावुंडरायाला लहान केलं नाही. त्याचं मोठेपण म्हातारीशिवाय पुरं होत नाही, एवढंच सांगितलं.

आमच्या वीरांच्या गोष्टीत मला एवढंच हवं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडताना नातवाला जवळ बसवलं आणि दिपाजीची गोष्ट सांगितली. किल्ला कसा घेतला, रानात कसे राहिले, सरकार कसं नमलं. तो मधे मधे "मग?" म्हणत होता. मग मी त्याला म्हटलं, "आता सांग, एवढी माणसं रानात होती, त्यांना जेवायला कोण देत असेल?"

तो विचारात पडला. म्हणाला, "त्यांच्या आया?"

"आणि पकडलं असतं तर?"

"आयांना पण पकडलं असतं." जरा थांबून त्यानं विचारलं, "मग त्यांचा घोडा कुठाय?"

मी शेजारणीला हे सांगितलं. तिच्या सासूबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. राणे-भोसले वादात कधी माघार न घेणाऱ्या त्या बाईनं काही उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या की त्यांची आजी एक गोष्ट सांगायची. बंडाच्या दिवसांत त्यांच्या घरची एक बाई रोज रात्री मागच्या परसात, फणसाखाली, भाताचं मडकं झाकून ठेवायची. कोण नेत असे ते तिनं कधी पाहिलं नाही. सकाळी मडकं रिकामं असायचं, धुऊन पालथं घातलेलं.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"तें कोण विचारता?" त्या म्हणाल्या, आणि मग डोळे बारीक करून आठवायला लागल्या. नाव काही आठवलं नाही. पण "हांव आमच्या काकीक विचारतां," असं म्हणाल्या आहेत. काकी नव्वदीच्या आहेत, कारापूरला असतात. येत्या रविवारी आम्ही तिघी जाणार आहोत.